खाटेखालची गोरसी

भीमाबाई कोणाच्याही घरी आल्या आल्या पाणी पीत नाही. बाळ पाहून झालं, बाळंतिणीच्या पायावरची सूज दाबून झाली, वहीत लिहून झालं, की मग तांब्याभर पाणी मागते आणि उभ्याउभ्या घटाघटा पिते. चहाचं विचारलं तर म्हणते, "चहा बारशाले पाजा." आणि बारशाला काही येत नाही, कारण त्या दिवशी तिला दुसऱ्याच कोणाच्या घरी पाणी प्यायचं असतं.

ती आमच्या पाऱ्याची मितानिन. पारा म्हणजे वस्ती, आणि मितानिन म्हणजे इथल्या बोलीत मैत्रीण. सरकारनं प्रत्येक पाऱ्यात एकेक बाई नेमली आहे. पोटुशी बाया, बाळंतिणी, तान्ही लेकरं यांच्यावर नजर ठेवायची, वजन करायचं, वेळेवर दवाखान्यात न्यायचं, हे तिचं काम. भीमाबाई माझ्यासारखीच मूळची गोंदियाकडची, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलते. लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात आली आणि इकडचीच झाली.

आमचं गाव उरला या औद्योगिक वसाहतीच्या मागे. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीनं. एका अंगाला धानाची शेतं आहेत, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या चिमण्या. सकाळी अंगणातल्या तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं तर बोट काळं होतं. तरी मी रोज तुळशीला पाणी घालते आणि ती रोज काळी होते, दोघींपैकी कोणीच ऐकत नाही.

भीमाबाई मितानिन कशी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वीसेक वर्षं झाली असतील. पंचायतीच्या ओट्यावर सभा भरली होती. कोणती बाई हे काम करेल, असं साहेबांनी विचारलं. साऱ्या बाया पदर तोंडाशी धरून एकमेकींकडे पाहत बसल्या. तेव्हा भीमाबाईची सासू उठून म्हणाली, "हिलेच घ्या. हिच्या घरी लेकरूबाळ नाही, रिकामीच असते."

सभा हसली. मीही हसले असेन, आता खोटं कशाला बोलू. भीमाबाईला दोन झाली होती आणि दोन्ही गेली होती. पहिली मुलगी पाच दिवसांची होऊन, दुसरा मुलगा घटकाभरात. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. पण एक सवय तिला तेव्हापासून लागलेली आहे. बाळंतघराच्या दाराशी आली की आधी थांबते, मान जराशी तिरकी करते आणि ऐकते. आतून लेकराचा आवाज आला की मग चप्पल काढते.

गेल्या पुसात माझा नातू सार्थक याची बायको गंधाली बाळंत झाली. सार्थकला मीच वाढवलेलं, त्याचे आईवडील दोघंही आता नाहीत. गंधालीलाही आई नाही, दुर्ग शहरात एकटे वडील. म्हणजे पहिलं बाळंतपण असून माहेर नाही, आणि सासर म्हणजे मी एक म्हातारी. भीमाबाईनंच तिला दवाखान्यात नेलं, तीच आत उभी राहिली. मुलगा झाला. वजन सव्वादोन किलो. हातात घेतला तर कणीस धरल्यासारखा वाटला.

तिसऱ्या दिवशी घरी आणलं. थंडी अशी पडली होती की भांड्यातलं खोबरेल दगड झालेलं. मी आयुष्यात चार बाळंतपणं काढली आहेत, एक माझं आणि तीन परक्यांची. बाळंतिणीच्या खाटेखाली शेक हवाच, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. आपल्यात शेगडी ठेवतात, इकडे गोरसी म्हणतात. पसरट मातीची असते. तिच्यात शेणाच्या गोवऱ्या धुमसत ठेवायच्या, वरून ओवा टाकायचा, आणि गोरसी खाटेखाली सरकवायची.

फक्त गोवऱ्या कुठून आणायच्या? पाऱ्यात आता गाई उरल्या नाहीत. गवतावर काळा थर बसतो, ते गाई खात नाहीत, म्हणून लोकांनी विकून टाकल्या. पण दगडी कोळसा भरपूर. उरल्याच्या वळणावर ट्रक हेलकावे खातात आणि कोळसा सांडतो. बाया टोपल्या घेऊन जातात, वेचून आणतात. पाऱ्यातल्या निम्म्या चुली त्याच्यावर चालतात. मीही तोच घेतला. गोवरीपेक्षा निखारा जास्त टिकतो, याचं मला कौतुकच वाटलं होतं.

खोली सार्थकनं लग्नाच्या वर्षी नवी बांधलेली. वर स्लॅब, खिडकीला काच, लोखंडी दार. वारा येऊ नये म्हणून मी झरोक्याला प्लास्टिक लावलं आणि दाराखालच्या फटीत जुनी गोधडी कोंबली. खोली तासाभरात अशी ऊबदार झाली की मी स्वतःवरच खूश झाले.

त्याच दुपारी भीमाबाई आली. दाराशी थांबली, मान तिरकी केली. बाळ रडत होतं. चप्पल काढून आत आली आणि तिथंच उभी राहिली. नाक आखडून घेतलं. गंधालीचा डोळा लागलेला होता. भीमाबाईनं बाळाचे पाय उलट्या हातानं पाहिले, घड्याळ धरून श्वास मोजले, झोळीत घालून वजन केलं. मग मला खुणेनं बाहेर ओट्यावर बोलावलं.

"काकी, ते खाटेखालचं काढा."

"काहून व? लेकराले थंडी नाही लागणार?"

"टोपी घाला, मोजे घाला. उघडं करून आईच्या छातीशी ठेवा, वरून दोघांले पांघरूण. त्याच्याहून गरम काही नसते."

"कोंबडीच्या पिलासारखं?"

"तसंच. कोंबडी कधी गोरसी पेटवते काय?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. आवाज खाली घेऊन म्हणाली, "जुन्या कौलाच्या घरात धूर वरून निघून जाये. इथं कुठून जाईल? आणि हा दगडी कोळसा आहे. याचा धूर दिसत नाही, म्हणून नाही असं नाही. बाळंतिणीसमोर बोलली नाही, घाबरून दूध आटते. तुम्ही मोठ्या आहा, तुम्हाले सांगून ठेवते. काढाल न?"

"हव," मी म्हणाले.

आणि काढली. भीमाबाई गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत गोरसी ओट्यावर होती. मग गंधाली कुडकुडत म्हणाली, "आजी, थंडी वाजते," आणि मी ती परत आत नेली. माझ्या मनात आलं, हिला दोन होऊन एक राहिलं नाही, ही मला शेक शिकवते. असं मनात आलं होतं. कोणाला बोलले नाही, पण आलं होतं.

पाचव्या दिवशी हापशीवर भीमाबाई भेटली. बादली भरता भरता तिनं विचारलं, "काढली न काकी?"

"हव व, केव्हाचीच."

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी बादली उचलून चालू लागले.

गंधालीचं डोकं चौथ्या दिवसापासूनच दुखत होतं. सकाळी उलटी झाली. बाळ दोन घोट ओढायचं आणि तोंड सोडून झोपायचं. उठवलं तरी डोळे उघडेना. गाल मात्र लालबुंद. मी म्हणायची, रंग कसा चढला आहे पहा. माझंही डोकं धरायचं, पाय जड व्हायचे, अंगणात येऊन बसलं की उतरायचं. मी म्हणायची, वय झालं. कशालाही वय म्हणता येतं, हा म्हातारपणाचा एक फायदा.

सहाव्या दिवशी शेजारची प्रेमला आली. प्रेमला वाईट बाई नाही. लोणचं मुरलं की पहिली वाटी आम्हाला देते. पण तिच्या तोंडात गोष्ट टिकत नाही. बाळाकडे पाहिलं, गंधालीकडे पाहिलं आणि मला कोपऱ्यात ओढलं.

"काकी, लेकरू कधीपासून असं झालं?"

"दोन-तीन दिवस झाले."

"म्हणजे मितानिन येऊन गेली तेव्हापासून."

"काय बोलून राहिली तू?"

"मी कुठं बोलून राहिली. पारा बोलून राहिला. टॉर्च मारून डोळे पाहते, घड्याळ धरून श्वास मोजते. कोणाचे श्वास मोजतात, काकी? जिची स्वतःची राहिली नाहीत, तिनं दुसऱ्याची मोजावी काय?" मग अगदी कानाशी येऊन एक शब्द म्हणाली, "टोनही."

टोनही म्हणजे नजरेनं खाणारी बाई, चेटकीण. हा शब्द आमच्याकडे कोणी मोठ्यानं बोलत नाही. शेजारच्या एका गावात एका विधवेला याच शब्दावरून गावाबाहेर काढलं होतं. पुढे पोलीस आले, कायदा दाखवला, पण तिचं घर कोणी परत उभं केलं नाही. मी प्रेमलाला म्हटलं, "गप, असं बोलू नये." ती गेल्यावर मी मीठ-मोहरीनं बाळाची दृष्ट काढली आणि गोरसीत कोळसा जास्त घातला, कारण त्याचे हातपाय मला गार लागले होते.

सातव्या दिवशी भीमाबाई यायचीच होती. त्यांचे दिवस ठरलेले असतात, तिसरा, सातवा, चौदावा, असे. सार्थक सकाळच्या शिफ्टला गेला होता. दुपारी दोनच्या सुमारास चपलांचा आवाज दाराशी येऊन थांबला. मी आतून कडी लावली होती.

"काकी."

"बाळ झोपलं आहे व."

"झोपू द्या न. उठवत नाही. श्वास पाहते फक्त."

"आज नको. उद्या ये."

मग ती म्हणाली, "प्रेमला येऊन गेली काय?"

मी कडी आणखी आत सारली. तेच उत्तर झालं. मला वाटलं चिडेल, जाईल. पण ओट्यावर पिशवी टेकल्याचा आवाज आला, मग ती स्वतः बसल्याचा.

"बरं. मी आत नाही येत. माझी नजर नको, तर नको. पण काकी, एक काम करा. त्याले एकदा रडवा. तळपायाले टिचकी मारा. आवाज ऐकते न जाते."

यात काय वाईट होतं? मी खाटेजवळ गेले. बाळाचा पाय मोज्यातून काढला, टिचकी मारली. पाय माझ्या हातातून ओल्या फडक्यासारखा खाली पडला. परत मारली, जोरात मारली. ओठ लाल, गाल लाल, छान रंगावर आलेलं लेकरू, आणि आवाज नाही.

"गंधाली," मी हाक मारली. तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि ती कुठंच पाहत नव्हती.

दाराकडे जावं म्हणून वळले तर गुडघे नव्हतेच. खाटेची कड धरून मी खाली बसले. कडी चार पावलांवर दिसत होती. बाहेरून भीमाबाई म्हणाली, "काकी, आवाज नाही आला." मला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. गोरसी माझ्या तोंडासमोर होती, निखारे शांत, थोडासुद्धा धूर नाही. "काकी, आवाज नाही आला," ती परत म्हणाली. मग तिनं वजनाच्या लोखंडी काट्यानं खिडकीची काच फोडली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. काचेच्या भोकातून तिचा हात आत आला, कोपरापर्यंत रक्त. खिडकीला लागूनच दार, तिनं चाचपून कडी काढली. आधी बाळ बाहेर, मग गंधाली, मग मी. आरडाओरडा ऐकून पाऱ्यातून एकच बाई धावत आली, ती प्रेमला. गंधालीचे पाय तिनंच धरले आणि नंतर गोरसी उचलून गल्लीत नेऊन उलटी केली. भीमाबाई ओट्यावर गुडघे टेकून बाळाच्या नाकातोंडावर तोंड ठेवून होती. गालात मावेल एवढीच हवा, हळूहळू, पुन्हा पुन्हा. मी भिंतीला टेकून पाहत होते. पाऱ्यातली बरीच माणसं तोवर जमली होती. टोनही लेकराचा जीव ओढून घेताना अशीच दिसत असेल, असं त्यातल्या काहींना वाटलं. ते त्यांनी नंतर सांगितलं.

ॲम्ब्युलन्स भनपुरीच्या चौकात ट्रकांत अडकली. भीमाबाईनं बाळ पोलक्याच्या आत छातीशी धरलं होतं. वाटेत कुठंतरी त्यानं मांजरासारखा एक बारीक आवाज केला. तिनं मान तिरकी केली आणि पदर त्याच्यावर आणखी ओढून घेतला.

मोठ्या दवाखान्यात बाळ अकरा दिवस नळ्यांत होतं. गंधाली तिसऱ्या दिवशी उठून बसली. डॉक्टरीणबाईंनी सार्थकला सांगितलं, कोळशाचा गॅस होता, आई सुटली, बाळाचं आत्ताच काही सांगता येत नाही, वाढेल तसं कळेल.

सार्थक बाहेर बाकाजवळ आला. भीमाबाईच्या हाताला पट्टी होती. तो आमच्याशी घरात बोलतो तसा हिंदीतच बोलला. "दीदी, आपका तो काम ही यही है. आपने बताया नहीं था?"

भीमाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरचं पोलिओचं चित्र पाहत होते.

"समझा नहीं पाई, बेटा," ती म्हणाली.

बस, एवढंच. मला बोलायला तेव्हा जागा होती. नंतरही रोज होती. पण पहिल्या दिवशी गप्प बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आणखी जड जातं. महिन्याभरात गोष्ट पाऱ्यात अशी फिरली की मितानिननं काही सांगितलंच नाही. तिच्यावरच्या अधिकारी बाईंनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तिला जाब विचारला. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. जिनं नेलं तिनंच परत आणून दिलं, असं लोक म्हणू लागले. फुटलेली काच प्रेमलानं स्वतः पाहिली होती, पाय तिनं स्वतः धरले होते, तरी तीही हव हव म्हणायची. दोन घरांनी भीमाबाईला दार लावलं. एका घरात पाचव्या महिन्याची बाई होती, पुढे तिचे सुजलेले पाय हापशीवर मलाही दिसायचे. भीमाबाई तिच्या दारावरून रोज जायची, थांबायची, ऐकायची आणि पुढे जायची.

आमच्याकडे येणं तिनं सोडलं नाही. बेचाळीस दिवसांनी तिचं येणं कागदावर संपतं, तरी ती येत राहिली. सार्थक घरी असला तर उठून आत जायचा. बाळ चार महिन्यांचं झालं. हसायला लागलं, मान धरली, मला वाटलं सुटलो. एका गुरुवारी भीमाबाईनं त्याला गोधडीवर उताणं ठेवलं, वर चमचा धरून हलवला. डावा हात चमच्याकडे आला. उजवा मूठ मिटून तसाच. तिनं एकेक बोट उघडलं. सोडल्याबरोबर परत मिटलं. तिनं चमचा खाली ठेवला.

"आठवड्यातून दोनदा मालिशवाल्या डॉक्टरकडे न्यावं लागेल," ती म्हणाली. "आतापासून केलं तर हात सुटेल. वेळ गेला तर सांगता येत नाही. मी नेत जाईन."

सार्थक आतून आला. दारात उभा राहून अगदी शांतपणे म्हणाला, "दीदी, बहुत हो गया. अब आप मत आइए."

भीमाबाईनं वही पिशवीत घातली. बाळाची मूठ अजून तिच्या बोटाभोवती होती, ती तिनं हळूच सोडवली. चपला घातल्या. मला आठवतं, तिनं पाणी मागितलं नाही.

"सार्थक, थांब," मी म्हणाले. "हिनं सांगितलं होतं."

तो माझ्याकडे वळला. गंधाली स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी होती. मी सगळं सांगितलं. ओट्यावरचं, हापशीवरचं, कडीचंही. मधेच भीमाबाई म्हणाली, "राहू द्या न काकी," पण मी राहू दिलं नाही.

गंधालीनं एवढंच विचारलं, "किती वेळा सांगितलं होतं?"

"दोनदा."

"आणि तुम्ही हव म्हणालात?"

"दोन्ही वेळा."

ती आत गेली, पोळ्या लाटू लागली. सार्थक पुढे आला. मग त्यानं भीमाबाईची पिशवी तिच्या खांद्यावरून उतरवून घेतली आणि खुर्ची पुढे केली. पहिल्यांदा मराठीत बोलला, तोडकंमोडकं. "कोणत्या दिवशी जायचं, सांगा."

तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार ती आणि गंधाली बाळाला घेऊन जातात. पाऱ्याचं तोंड काही बंद झालं नाही. सुजलेल्या पायांच्या त्या बाईकडे मी स्वतः गेले, माझी गोष्ट सांगितली. तिच्या सासूनं मला बसायला पाट दिला, सारं ऐकून घेतलं आणि म्हणाली, टोनहीनंच तुमच्या तोंडून हे वदवलं असेल. तिचे दिवस आता भरत आले आहेत. दार अजून बंद आहे.

गंधाली मला वेळेवर जेवायला वाढते, गोळ्या आणून देते, काही कमी नाही. फक्त बाळ माझ्या हातात देत नाही. गोधडीवर ठेवते, बाजूला होते, मग मी उचलते. भीमाबाईनं हे दोन-तीनदा पाहिलं. काल जाताना गंधालीला म्हणाली, "मूठ उघडायची दिवसातून दहा वेळा, तेल लावून. तुझे हात कामात असतात. काकी रिकाम्या असतात, त्यांच्याकडूनही करवून घे."

आणि बाळ सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. गंधाली पाहत राहिली, पण पुढे झाली नाही. मी बोटं तेलात बुडवली. त्याची पाच बोटं एकेक करून उघडली, तळहातावर माझं बोट ठेवलं आणि सोडलं. ती परत मिटली.

"आणखी," भीमाबाई म्हणाली.